माधवीच्या बदली देवमन

थोरल्या शालूला पहिली मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. शालू धारणीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून ज्येष्ठातच ती पिंपळखेडला आली होती, आणि आषाढ सरता सरता, झडीच्या दिवसांत, मोकळी झाली. पिंपळखेड बाळापूरपासून आत, निव्वळ काळ्या मातीचं गाव. झड लागली की चप्पल हातात घेऊन चालावं लागतं, आणि चिखल पाय सोडत नाही.

सुंदराबाई दिवस उगवायच्या आत उठायची. लेकीला शेक द्यायची, नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, भाकरी थापायची आणि खुरपं घेऊन सोयाबीनच्या निंदणाला जायची. तिचा नवरा देवमन म्हणायचा, "एक दिवस घरी राय ना." ती म्हणायची, "मी घरी राह्यली त गवत घरी राह्यते का?"

नागपंचमीच्या पुढं तिला ताप आला. अंग मोडून आलं, डोळे लाल झाले. गोळ्या खाऊन ती पुन्हा निंदणाला गेली आणि तासातच आडवी झाली. बायांनी तिला बांधावर आणलं तेव्हा खुरपं मुठीतच होतं. बाळापूरच्या डॉक्टरनं तपासून अकोल्याला न्यायला सांगितलं. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात म्हणाले, गवतातला किडा चावून येतो तसला हा ताप आहे, आणि तो आता किडनीवर गेला आहे.

बायांच्या वॉर्डाच्या दारात चौकीदार बसलेला. त्यानं काठी आडवी केली.

"मानसं भायेर. बाईसंगं बाईच राहीन."

"माही बायको हाये ती," देवमन म्हणाला.

"इथं साऱ्यायच्याच बायका हायेत, बाबा. भेटाच्या टायमाले या."

आत राहायला बाई कोण? शालू बाळंतीण, सव्वा महिना झाल्याशिवाय तिला उंबरा ओलांडता येत नव्हता. तिला शेजारच्या म्हातारीच्या हवाली करून आलेले. राहिली माधवी.

माधवी धाकटी. बाळापूरच्या आयटीआयमधून ती इलेक्ट्रिशियन झाली होती आणि अकोल्याच्या एमआयडीसीत मोटार वाइंडिंगच्या एका कारखान्यात तिला वर्षाची अप्रेंटिसशिप मिळाली होती. डाळ मिलच्या, जिनिंगच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या, तार नवी भरून चालू होऊन जायच्या. पोरगी रोज एस.टी.नं येऊन-जाऊन करायची. वर्ष भरत आलं होतं. दिवाळीच्या आधी परीक्षा होती, आणि परीक्षा झाली की हातात सर्टिफिकेट. पिंपळखेडमध्ये तसलं सर्टिफिकेट असलेली पोरगी अजून झाली नव्हती.

ती आईच्या खाटेशी बसली आणि कारखान्यातून फोन आला. ऑफिसातल्या पौर्णिमा मॅडमचा. माधवी व्हरांड्यात येऊन बोलत होती, देवमन कठड्यापलीकडं उभा राहून ऐकत होता.

"हो मॅडम... नाही मॅडम, दुसरं कोणी नाही... सुट्ट्या ताईच्या बाळंतपणात संपल्या, माहीत आहे मला... परीक्षेला बसू देणार नाही का?"

फोन ठेवून ती भिंतीला टेकली.

"काय म्हन्ते बाई?"

"आनखी दिवस पडले त पोर्टल मले परीक्षेले बसू देत नाई म्हन्ते, बाबा. वरीस वाया जाते."

देवमननं डोक्याचा दुपट्टा सोडला, झटकला, पुन्हा बांधला.

"काहून वाया जाते? मी जातो ना तुह्या बदली."

"तसं नसते तिथं, बाबा."

"कामच हाये ना? का दुसरं काई हाये?"

माधवीला हसावं की रडावं कळेना. आत आईनं हाक मारली म्हणून ती तशीच गेली. देवमनला ते हो वाटलं.

आता यात देवमनचं डोकं फिरलं होतं असं कोणी समजू नये. त्यानं आयुष्यभर किसनराव पाटलांच्या घरी साल केलं. पाडव्याला साल ठरायचं, दुसऱ्या पाडव्याला सुटायचं. सालदार आजारी पडला, त्याच्या घरी मयत झाली, तरी बैलांना वैरण लागतेच. मग त्याचा भाऊ जायचा, मेहुणा जायचा, पोरगा जायचा. त्याला बदली म्हणायचे. एकदा देवमनला कावीळ झाली, घरात दुसरा गडी नव्हता, तेव्हा सुंदराबाई लुगड्याचा काचा मारून कोळपणीला, बैलांच्या डवऱ्यामागं, उभी राहिली. डवऱ्यामागं बाई पाहून गाव हसलं. किसनराव मात्र शेताच्या धुऱ्यावर येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "तास सरळ हाये. मले काय, हात आले पायजेत." देवमनचा एक दिवसही मोडला नाही. वर्षभराचं काम म्हटलं की देवमनच्या मनात हेच यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो विचारत विचारत एमआयडीसीत पोचला. दारातच जळालेल्या वार्निशचा वास नाकात घुसला. आत मोटारी उघड्या पडलेल्या, त्यांच्या पोटातून काळी तार बाहेर आलेली. फोरमन नत्थुजी स्टुलावर बसून चहा पीत होता. देवमननं हात जोडले.

"जय भीम. मी माधवीचा बाप. तिची माय दवाखान्यात हाये. तिच्या बदली आलो."

नत्थुजीनं बशी खाली ठेवली. त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साल केलं होतं का कुठं?"

"किसनराव पाटलाकडं. जलम गेला."

"माहा बापबी सालदारच होता," नत्थुजी म्हणाला. थोडा वेळ त्यानं डोकं खाजवलं. "पोर्टलचं मले काई समजत नाई, भाऊ. ते पौर्णिमा मॅडम पाह्यते. तुमी त्या मोटारीतली जुनी तार काढा तवरी."

पौर्णिमा मॅडम त्या आठवड्यात शेठसोबत नागपूरला गेलेली होती. त्यामुळं देवमनला कोणी काही म्हटलं नाही.

तार काढायचं काम वरून सोपं दिसतं. जळालेली तार वार्निशनं दगडासारखी झालेली असते. छिन्नी मारून तिचं एक तोंड कापायचं आणि दुसऱ्या तोंडानं पक्कड लावून ओढायची. देवमननं आयुष्यभर बैलाचा कासरा ओढला होता, पण कासरा मऊ. इथं पक्कड निसटली की तांब्याचं टोक तळव्यात शिरायचं. पहिल्याच दिवशी दोन्ही हात फाटले. नवी तार भरताना नत्थुजीनं त्याला एकदा बसवून पाहिलं. केसासारखी तार, त्याच्या बोटांना तिचा स्पर्शही कळेना. त्यानं ती खाचेत दाबली आणि तिच्यावरचा लेप खरवडला गेला. नत्थुजीनं सगळं वेटोळं काढून टाकलं.

दुसरा अप्रेंटिस होता नितेश, मूर्तिजापूरकडचा. त्याला हसू आवरेना.

"काका, पास झाल्यावर लाइनमन होसान का इंजिनेर?"

"तुह्या सासऱ्याची मोटार भरीन," देवमन म्हणाला.

"सासराच नाई अजून."

"मंग जळू दे त्याची मोटार."

सगळे हसले. पण दुपारी डबा खाताना नितेशनं मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि खाली 'आमचे नवे अप्रेंटिस' लिहून पोरांना पाठवला. देवमनला वाचता येत नव्हतं. पोरं त्याच्याकडं बघून हसतात, एवढं त्याला दिसलं. त्यानं भाकरी भिंतीकडं तोंड करून खाल्ली.

संध्याकाळी तो केळी घेऊन दवाखान्यात जायचा. माधवी व्हरांड्यात यायची.

"लागली वो बाई तुही हजेरी आजची. तीन मोटारी उकलल्या."

माधवी त्याच्या हातांकडं पाहायची, आतून पट्टी आणायची, बांधायची. हजेरी लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण तो तिथं गेला नाही तर दिवसभर या कठड्याशी उभा राहून चौकीदाराशी भांडेल, हेही तिला ठाऊक होतं. ती म्हणायची, "बरं झालं, बाबा."

आठवडा संपला आणि पौर्णिमा मॅडम नागपूरहून आली. जठारपेठेत राहणारी, पंचविशीतली, बोलायला गोड. तिनं देवमनला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली. तो खुर्चीच्या कडेवर टेकला. बूड काळं होतं म्हणून.

"काका, हे बघा." तिनं कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडं वळवला. चौकटीच चौकटी. मागच्या बहुतेक हिरव्या, शेवटच्या लाल.

"हे काय म्हनाचं?"

"ही माधवीची हजेरी. लाल म्हणजे ती आली नाही."

"पन मी आलो होतो ना."

"तुम्ही आलात."

"नत्थुजीनं पायलं. या पोट्ट्यायनं पायलं. हे हात पाहा."

"मी नाही कुठं म्हणते, काका? पण पोर्टलनं नाही पाहिलं."

देवमन विचारात पडला. वर्षभरापासून घरात हे नाव ऐकू येत होतं. पोर्टलवर नाव घातलं, पोर्टलनं मंजूर केलं, पोर्टलवर तक्रार टाकली. त्याच्या डोळ्यांसमोर एक माणूस तयार झाला होता. किसनरावांपेक्षा मोठा, पांढऱ्या कपड्यांतला, कमी बोलणारा.

"मंग मी भेटतो ना त्यायले. कुठं बसतेत ते? नागपूरले का मुंबईले?"

पौर्णिमानं पडदा परत स्वतःकडं वळवला. मग हळूच म्हणाली, "तो माणूस नाही हो, काका. कॉम्प्युटरमधलंच आहे. इथं रोज सकाळी येताना आणि संध्याकाळी जाताना मोबाइलसमोर उभं राहायचं. तो चेहरा ओळखतो. नोंदणीच्या वेळचा फोटो आणि चेहरा जुळला की हिरवं."

"काम नाई पाहत?"

"काम नाही पाहत."

"एवढं मोठं त्याचं राज्य, आन काम पाहत नाई?"

देवमननं दुपट्टा काढला, त्यानंच तोंड पुसलं आणि उभा राहिला.

"लावा माह्या तोंडासमोर."

"काका, असं नाही..."

"लावा त खरं. तिचं नाक माह्यावर गेलं हाये. साऱ्या गावाले इचारा."

तिनं मोबाइल धरला. त्यात देवमनला स्वतःचा चेहरा दिसला, गोल चौकटीत, विहिरीत वाकून पाहिल्यासारखा. मोबाइलमधली बाई म्हणाली, डोळे मिटा. त्यानं मिटले. उघडा. त्यानं उघडले. चेहरा जुळत नाही, ती म्हणाली. पुन्हा लावला. जुळत नाही. तिसऱ्या वेळी त्यानं मान थोडी वाकडी केली, माधवी करते तशी. दारातून नितेश पाहत होता, पण या वेळी तो हसला नाही.

"म्हन्जे मी आठ दिस इथं नव्हतोच का?" देवमननं विचारलं. त्यानं खरंच विचारलं होतं. पौर्णिमानं मोबाइल उलटा टेबलावर ठेवला.

नत्थुजी मागून आत आला. म्हणाला, "मॅडम, त्याले तोंडच पायजे ना? पोरगी सकाळी येईन, तोंड दाखवीन, जाईन. संध्याकाळी तसंच. काम बाप करीन."

"नत्थुजी, हे नियमात नाही बसत."

"बसत नाई ते माहीत हाये."

पौर्णिमानं खिडकीबाहेर पाहिलं. पाऊस लागला होता. "मी काही ऐकलं नाही," ती म्हणाली. "पण एकही दिवस चुकायला नको. आता चुकला तर माझ्याही हातात काही नाही."

त्या दिवसापासून दोघांचं मिळून एक माणूस झालं. सकाळी माधवी दवाखान्यातून ऑटोनं यायची, मोबाइलसमोर डोळे मिटायची, उघडायची, आणि त्याच ऑटोनं परत. मग देवमन पक्कड हातात घ्यायचा. संध्याकाळी पुन्हा ती. तेवढ्या वेळात आईजवळ शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सून बसायची. रागिणी तिचं नाव, पातूरची, चांगली बाई. चौकशी न करता सलाइनवर डोळा ठेवायची.

सुंदराबाईला मधे थोडा आराम पडला. भेटीच्या वेळी देवमन आत गेला तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. पाय सुजून ताणलेले, चेहरा पिवळा.

"नात कशी हाये?"

"म्हातारी न्हाऊ घालते. लई रडते म्हन्ते."

"पानी कडक घेत असन ते." मग तिनं माधवीकडं बोट केलं. "हे पोट्टी सांजसकाळ कुठं जाते वो? इचारलं त सांगत नाई."

"तोंड दाखवाले जाते."

"कोनाले?"

"पोर्टलले."

"रोज दोनदा?"

"रोज दोनदा."

"एवढ्या डाव पाहून बी पसंत नाई का पडली त्याले?" ती म्हणाली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. शेजारच्या खाटेवरची सासू-सून दोघी हसल्या. माधवी हसली. देवमनही हसला, पण त्याच्या डोक्यात ते नीट बसलं नाही. पोरगी पाहायला येतात ते एकदा येतात, चहा पितात, हो किंवा नाही सांगतात. हे रोज पाहून रोज विसरणं कसलं?

"तुमचे हात पाहू," सुंदराबाई म्हणाली. त्यानं दाखवले. तिनं त्यांच्यावरून अंगठा फिरवला. "डवऱ्यानं माहे बी असेच झालते, तुमाले कावीळ झालती तवा. ध्यानात हाये?"

"हाये."

"तवा बरं होतं. किसनराव धुऱ्यावर येऊन पाहून त जाये."

चौकीदारानं काठी आपटली. वेळ संपली.

पोळ्याच्या दिवशी कारखाना चालूच होता. बैल होते तोवर देवमनच्या आठवणीत असा पोळा नव्हता, ज्यात त्यानं त्यांच्या खांद्याला हळद-लोणी लावलं नाही. किसनरावांचे बैल विकूनही दोन वर्षं झाली होती, तरी पाटील पोळ्याला त्याला बोलावून ट्रॅक्टरची पूजा त्याच्या हातून करवून घ्यायचे. या वर्षी त्यांचा फोन आला. "देवमन, येत का?" "नाई जमत, मालक." "सुंदराबाई कशी हाये?" "बरी हाये." फोन ठेवून त्यानं मोटारीच्या आसाला वंगण लावलं. बोटांनी, हळू हळू, सगळीकडून. नत्थुजी पाहत होता.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. एमआयडीसीच्या रस्त्यावरसुद्धा लेकरं लाकडी बैलांना दोरी बांधून ओढत होती. सुंदराबाईला सकाळपासून धाप होती. माधवी संध्याकाळी यायला तयार नव्हती. आईनंच तिला ढकललं. "जा बाप्पा, तोंड दाखवून ये. एक दिस राह्यला म्हनून वरीस घालवशीन का?" हे पुढं रागिणीनं सांगितलं.

माधवी आली तेव्हा अंधारून आलं होतं. ती धावत ऑफिसात शिरली, मोबाइलसमोर उभी राहिली. डोळे मिटा. उघडा. चेहरा जुळत नाही.

"पुन्हा कर," पौर्णिमा म्हणाली.

जुळत नाही.

नोंदणीच्या फोटोतली पोरगी गोल चेहऱ्याची, वेणीला रिबीन लावलेली, हसरी होती. ही जी उभी होती तिचे गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं, झोपेविना पापण्या सुजल्या होत्या. मोबाइल तिला ओळखेना. नत्थुजीनं ट्यूबलाइट लावली. जुळत नाही. देवमननं नळावरून पाणी आणलं, तिनं तोंड धुतलं, केस मागं घेतले. जुळत नाही. नितेश आपल्या मोबाइलचा दिवा तिच्या चेहऱ्यावर धरून उभा राहिला.

"जराशी हास ना, माधवी," तो म्हणाला. "फोटोत हासून राह्यली तू."

"मले नाई येत हासू."

"हास वो बाई," देवमन म्हणाला. "मायचं ध्यान कर. काय म्हने ते परवा? पसंत नाई का पडली म्हने."

माधवी बापाकडं पाहून हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. डोळे मिटा. उघडा. हजेरी नोंदवली आहे, मोबाइलमधली बाई म्हणाली. चौकट हिरवी झाली. नितेश ओरडला, "झालं!" पौर्णिमानं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

बापलेक ऑटोत बसले. गाडी दवाखान्याच्या दारात थांबली तेव्हा माधवी पुढं पळाली. देवमन सवयीनं वॉर्डाच्या दाराशी थांबला. चौकीदार उठला. त्यानं काठी बाजूला केली आणि म्हणाला, "जा आत."

देवमन तिथंच उभा राहिला. भेटीची वेळ संपून गेली होती. मग हा आत का सोडतो, हे त्याला कळेना.

"जा, बाबा," चौकीदार पुन्हा म्हणाला, आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

माधवी पुढं परीक्षेला बसली आणि पास झाली. तिचं सर्टिफिकेट पोर्टलवर आलं. देवमन त्यानंतर एकदाच कारखान्यात गेला, नत्थुजीची पक्कड परत द्यायला. जाताना ऑफिसात डोकावून त्यानं पौर्णिमा मॅडमला तान्ह्या पोळ्याची चौकट दाखवायला सांगितली. तिनं दाखवली. तो बराच वेळ तिच्याकडं पाहत होता.

"हे त्याच वखताची हाये ना?"

"हो, काका."

"बरं," तो म्हणाला, आणि निघाला.

सुंदराबाई देवमन तायडे, राहणार पिंपळखेड, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, दिवेलागणीला, अकोल्याच्या दवाखान्यात वारली. जवळ पातूरची रागिणी होती. घरचं कोणी नव्हतं.